चाकावरची काळी भुकटी

जालना-भोकरदन रस्त्यावर केदारखेड्याला थांबलेल्या एखाद्या मोटारीची चाके निरखून पाहा. पुढच्या चाकांवर काळपट भुकटी दिसेल. ही रस्त्यावरची धूळ नव्हे. मग ती येते कोठून?

ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी दोन पॅडांमध्ये आवळली जाते. घर्षणामुळे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. १००० किलोग्रॅमची मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगावरून थांबली, तर २ लाख जूल उष्णता निर्माण होते. तेवढ्या उष्णतेने अर्धा लिटर पाणी उकळू लागेल! याच वेळी पॅड व तबकडी किंचित झिजतात. तीच ही भुकटी. ब्रेक लावताना मोटारीचा भार पुढे येतो, म्हणून पुढची चाके अधिक काळवंडतात.

करून पाहा : गार झालेले चाक ओल्या फडक्याने पुसा. फडके काचेच्या भांड्यातील पाण्यात खळबळा व बाहेरून लोहचुंबक लावा. बरेच कण तिकडे गोळा होतील, कारण त्यांत लोखंड आहे.

ओलाव्याने हे लोखंड गंजते आणि चाकाला घट्ट चिकटते. म्हणून चाके वरचेवर सौम्य साबणाने धुवावीत. भुकटी कोरडी मात्र कधीही झटकू नये. बारीक कण फुप्फुसांत जातात. जुन्या ब्रेकांत तर घातक ॲस्बेस्टॉस असे.