पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ अख्खी

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही राजापूरहून वाळूजला राहायला आलो. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली. कुकर तोच, हात तोच, पण इथं तुरीची डाळ शिजतच नाही. पाच शिट्ट्या दिल्या तरी वर पाणी, खाली डाळ. रवी मोडेल, पण वरण एकजीव होत नाही. सासूबाई म्हणतात डाळ जुनी आहे. नवरा म्हणतो कुकरची रिंग गेली. समोरच्या काकू म्हणतात, ‘हे बोअरचं पाणी, यात डाळ शिजायचीच नाही.’ खरं कोणाचं? आणि पाण्यानं असा काय फरक पडतो? शिवाय दहीही धड लागत नाहीये, तेही पाण्यामुळेच का? आणखी एक : काकूंनी वाटीभर येसर दिलंय. त्याचं काय करतात, हे त्यांना विचारायला लाज वाटते.
– नवी भाडेकरू, वाळूज

उत्तर : खरं काकूंचं. सासूबाईंचंही बरंचसं. रिंगेचं नंतर बघू.

आधी डाळ शिजते म्हणजे काय होतं ते पाहू. डाळीचा दाणा अगणित सूक्ष्म पेशींचा असतो आणि त्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवतं ते पेक्टिन. पेरूची जेली ज्याच्यामुळे धरते, तेच हे. उष्णता आणि पाणी मिळालं की पेक्टिन हळूहळू विरघळतं, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि रवी फिरवली की वरण एकजीव होतं. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असलं, तर ते पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतात आणि असं बांधलेलं पेक्टिन सहजी विरघळत नाही. दाणा फुगतो, आतलं पिष्टही शिजतं, पण पेशी काही सुटत नाहीत. म्हणून वर पाणी, खाली डाळ.

कोहळ्याचा पेठा करणारे हेच मुद्दाम घडवून आणतात. कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवून ठेवतात. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट धरतं, त्यामुळे पुढे पाकात कितीही उकळल्या तरी फोडींचा लगदा होत नाही. तुमच्या बोअरचं पाणी रोज डाळीचा पेठा करतं आहे, एवढंच.

राजापूरला हा त्रास नव्हता याचं कारण तिथल्या सड्यावर सापडेल. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे काळा कातळ पसरला आहे तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तुमच्याकडचा तांबडा जांभा बऱ्याच ठिकाणी याच काळ्या कातळाचा, पावसानं धुऊन काढलेला अवतार आहे. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. अशा पावसानं लाखो वर्षांत दगडातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाहून नेलं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं. जांभ्याचा तांबडेपणा लोहाचा. अशा दगडातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्याला उचलायला क्षारच फारसे उरलेले नाहीत. (अगदी खाडीकाठच्या मचूळ विहिरी सोडा, त्यांची गोष्ट वेगळी.) मराठवाड्यात पाऊस साधारण सातशे मिलिमीटर, कातळ शाबूत. पाणी त्याच्या भेगांतून सावकाश उतरतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून घेतं. बोअर जितकी खोल, तितका हा मुक्काम सहसा लांबतो.

शहराला नळानं येतं ते पैठणजवळच्या जायकवाडीचं पाणी. धरणात साठलेलं नदीचं पाणी बोअरच्या मानानं बहुधा हलकं असतं. पण नव्या वसाहतींत नळ सगळीकडे पोचलेला नसतो, पोचला तरी रोज येईलच असं नाही. मग घरात ‘प्यायचं पाणी’ आणि ‘वापरायचं पाणी’ अशी दोन खाती पडतात. एकाच विहिरीवर पिण्यापासून धुण्यापर्यंत सगळं करणाऱ्या कोकणातल्या माणसाच्या हे अंगवळणी नसतं. डाळ स्वयंपाकातली म्हणून तुम्ही तिला वापरायचं पाणी घालत असणार. समोरच्या काकूंच्या घरी डाळीला प्यायचं पाणी पडत असेल, पैज लावायला तयार आहे. गावाकडे नव्या विहिरीच्या पाण्याची परीक्षा पूर्वी अशीच व्हायची : या पाण्यात डाळ शिजते का? प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीची ही कसोटी आहे आणि ती खोटी नाही.

आकडा हवा असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार एकूण कठीणपणा (म्हणजे याच कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असतो. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. तुमच्या सोसायटीनं कधी पाणी तपासून घेतलं असेल तर तो कागद मागा. नसेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत तपासता येतं. दारावर छोटं यंत्र घेऊन येणाऱ्या विक्रेत्याच्या ‘टीडीएस’वर मात्र विसंबू नका. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच क्षारांची बेरीज असतो. त्यात डाळीला छळणारे किती आणि साधं मीठ किती, हे त्यातून कळत नाही. कठीण पाणी म्हणजे विषारी पाणी, हेही त्यांचंच पालुपद. जागतिक आरोग्य संघटनेनं निव्वळ कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणानं मर्यादा घातलेली नाही. बोअरच्या पाण्यात नायट्रेट किती आहे, याची चौकशी जास्त मोलाची, कारण ते उकळूनही जात नाही.

आता सासूबाई. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, तिची डाळ पुढे बाजारात येते. म्हणजे दिवाळीनंतर दुकानातून आणलेली डाळ बहुधा गेल्या हंगामातली, उन्हाळा आणि पावसाळा पोत्यात काढलेली असते. डाळीच्या दाण्यात फायटेट नावाचं एक द्रव्य असतं. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला स्वतःशी धरून ठेवतं, पेक्टिनपर्यंत जाऊ देत नाही. उष्ण, दमट हवेत डाळ महिनोन्‌महिने राहिली की हे फायटेट मोडतं, दाण्यातलंच कॅल्शियम मोकळं होतं आणि पेक्टिनला जाऊन बिलगतं. जुनी डाळ आतून कठीण होते ती अशी. तुमच्या कुकरात बाहेरून बोअर आणि आतून वय, दोघं मिळून काम करत आहेत.

कोण किती दोषी, हे एका सकाळी कळेल. एकच डाळ दोन डब्यांत सारखी घ्या. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात प्यायचं किंवा फिल्टरचं. दोन्ही डबे एकाच कुकरात लावा. बोअरचीच कच्ची राहिली तर काकू जिंकल्या, दोन्ही राहिल्या तर सासूबाई. नवरा मात्र आधीच हरला आहे : रिंग गेली असती तर वाफ कडेनं निसटली असती आणि शिट्टीच झाली नसती. एक गोष्ट त्यालाही सांगा नि स्वतःही ध्यानात ठेवा. शिट्टी हे वेळेचं माप नाही. गॅस मोठा ठेवला तर पाच शिट्ट्या बघता बघता होतात आणि डाळीला आच मिळते ती तेवढीच. कुकरात पाणी साधारण 120 अंशांपर्यंत तापतं, तिथं डाळीला थांबू द्यायला हवं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून दहा-बारा मिनिटं ठेवा. शिट्ट्या मोजण्याची आपली सवय मला फार दिवस खटकते आहे.

उपाय सोपा आहे. डाळ धुवायला बोअरचं पाणी चालेल, पण शेवटचं विसळणं, भिजवणं आणि शिजवणं चांगल्या पाण्यात करा, कारण भिजतानाच कॅल्शियम दाण्यात शिरतं. अर्धा-पाऊण तास भिजवली तरी पुष्कळ. लागतं किती, तर तांब्याभर. कुकरच्या तळाशी घालायचं पाणी बोअरचंच ठेवा, त्याचा डाळीशी संबंध येत नाही. ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडत असेल तर त्या पाण्यात पिळलेल्या लिंबाचं साल टाका. चांगलं पाणी नसेलच, तर बोअरचं पाणी दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळा, थंड होऊ द्या आणि वरची निवळ घ्या. उकळल्यावर कॅल्शियमचा बराच भाग पांढरा गाळ होऊन तळाशी बसतो. चहाच्या पातेल्याला आणि गिझरला आतून जो पांढरा थर चढतो, तो हाच. कातळातल्या पाण्याला ही युक्ती बऱ्यापैकी लागू पडते. पाण्यातला जो कठीणपणा सल्फेट आणि क्लोराइडचा असतो, तो मात्र उकळून हलत नाही.

खायचा सोडा घातला की डाळ लोण्यासारखी शिजते, हे खरं. सोड्यानं पेक्टिन पटकन सुटतं. पण त्यात डाळीतलं ब-1 जीवनसत्त्व जातं आणि हात जरा सैल पडला की वरणाला साबणाची चव येते. अडीअडचणीला चिमूट ठीक, रोज नको. तेलाचे दोन थेंब घालतात ते फेस उतू जाऊ नये म्हणून, त्यानं डाळ मऊ होत नाही. आंबट मात्र आधी कधीच घालू नका. आम्लात पेक्टिन विरघळायला कुरकुरतं. आपल्या आमटीत डाळ आधी शिजवून, घोटून मग चिंच-गूळ पडतो, तो क्रम सगळ्या घरांनी उगीच सांभाळलेला नाही. कुकरातच टोमॅटो टाकून मोकळं होण्याची नवी घाई कठीण पाण्यात महागात पडते.

दह्यात पाण्याचा दोष नाही, दूधवाल्यानं घातलं असेल तेवढंच. तिथं थंडी आडवी येते. राजापूरच्या रात्री जानेवारीतही उबदार असतात. तुमच्याकडे आता पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि विरजणातल्या जिवाणूंना चाळिशीच्या आसपासची ऊब लागते. दूध बोटाला सोसेल इतकं गरम असतानाच विरजण लावा, नेहमीपेक्षा थोडं जास्त घाला आणि भांडं जाड टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवा. नवं विरजण काकूंकडूनच आणा. तेवढ्या निमित्तानं येसरचंही विचारता येईल, त्यात लाज कसली?

तरी सांगतो. येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेलं पीठ. मराठवाड्यातल्या लग्नाच्या पंगतीत येसर आमटी हमखास असते. थोडं येसर पाण्यात कालवायचं, लसणाच्या फोडणीवर ओतायचं आणि सतत हलवत उकळी आणायची. पहिल्यांदा हात आखडता ठेवा, ते चांगलंच झणझणीत असतं आणि उकळताना दाटही होतं. डाळ जात्यात किंवा गिरणीत आधीच मोडलेली असल्यानं पेशी सुटायची वाट बघावी लागत नाही. पिठल्याचं आणि तुमच्या कुळथाच्या पिठीचं तेच. बोअरच्या पाण्यातही ही तिन्ही बिनतक्रार होतात. चांगलं पाणी संपलं त्या दिवशी वरणाचा हट्ट सोडून यातलं काहीतरी करा.

काकूंची वाटी रिकामी परत जाणार नाही, हे तुम्हाला सांगायला नको. गावाहून आणलेली आमसुलं असतील तर ती घाला. मात्र त्या चिंचेच्या आमटीवाल्या, तेव्हा एवढं सांगून ठेवा : चार माणसांच्या आमटीला तीन-चार आमसुलं पुरे, डाळ घोटून झाल्यावरच घालायची, आणि आमसुलात मीठ असतं, म्हणून आमटीत मीठ नेहमीपेक्षा कमी.