आतुराविषयी वैद्याच्या मनात उठणाऱ्या भावनांचे मापन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, वैद्याची वृत्ती चतुर्विध सांगितली आहे : मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य व्याधीच्या रुग्णाविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थांविषयी उपेक्षा. यातील ‘प्रकृतिस्थ’ शब्दाने मरणासन्न रुग्ण घ्यावा, असा अर्थ परंपरेने केला जातो. व्यवहारात मात्र ही उपेक्षा भलत्याच रुग्णाच्या वाट्याला येते. तो मरणोन्मुख नसतो. तो वैद्याला केवळ नकोसा झालेला असतो.

व्यक्तिमत्त्व विकाराचे रुग्ण बहुधा या वर्गात मोडतात. ते अम्लपित्त, शिरःशूल, अनिद्रा अशा तक्रारी घेऊन येतात. विकार असतो तो माणसांशी वागण्याच्या दीर्घकालीन घडणीत. आज वैद्याला देव मानणारा उद्या चारचौघांत त्याची निंदा करतो. शारीरस्थानातील सोळा सत्त्वप्रकारांशी या विकारांचा मेळ ओढूनताणून घालू नये, असे आमचे मत आहे.

अशा रुग्णांमुळे चिकित्सकाच्या मनात काय उठते, हे मोजण्याचा उल्लेखनीय प्रयत्न अमेरिकेत बेटन, वेस्टन व सहकाऱ्यांनी केला. तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. 181 मनोविकारतज्ज्ञ व चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांनी आपापल्या एकेका रुग्णाविषयी 79 विधानांची प्रश्नावली भरली. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते, याला 1 ते 5 गुण द्यावयाचे होते. उत्तरांतून भावनांचे आठ गट निघाले : भांबावून जाणे, असहाय व अपुरे वाटणे, समाधान, या रुग्णात विशेष गुंतणे, लैंगिक आकर्षण, अलिप्तता, पालकासारखी काळजी आणि आपल्याला दोष दिला जातो, वाईट वागविले जाते ही भावना. विशेष म्हणजे समान विकाराचे रुग्ण वेगवेगळ्या मतप्रणालींच्या चिकित्सकांत साधारण सारख्याच भावना जागवितात, असे दिसले. म्हणजे आपला संताप हा केवळ आपल्या स्वभावाचा दोष नसतो. नाडीप्रमाणे तोही रुग्णाविषयी काही सांगत असतो.

इटलीत कोली व लिंजार्डी यांच्या गटाने 203 चिकित्सकांवर केलेले काम 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बॉर्डरलाइन प्रकारच्या रुग्णांपुढे असहायता, भांबावणे आणि अतिगुंतवणूक एकत्र आढळली. आत्मप्रौढीच्या रुग्णांपुढे अलिप्तता. मात्र दोन्ही अभ्यासांत रुग्णाचे वर्णन आणि स्वतःच्या भावनांची नोंद एकाच चिकित्सकाने केली होती. रागावलेला वैद्य रुग्णाचे वर्णनही रागानेच करणार, ही शंका उरतेच. म्हणून केवळ भावनेवरून निदान करू नये.

तरीही मोजणे आवश्यक आहे, कारण प्रश्न जिवाचा आहे. माल्ट्सबर्गर व ब्युई यांनी 1974 मध्ये आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्या रुग्णांविषयी लिहिताना चिकित्सकाच्या द्वेषाचे दोन भाग केले : दुष्टावा आणि पाठ फिरविणे. त्यांच्या मते दुसरा अधिक घातक, कारण त्यातून रुग्ण सोडून दिला जातो. पहिला भाग वैद्याच्या स्वतःच्या लक्षात येतो. दुसरा शांततेचे सोंग घेतो आणि आपण त्याला उपेक्षा म्हणतो.

मालवण किनाऱ्यावर हे अधिक कठीण होते. परदेशी चिकित्सकाला ठरावीक वेळेची भेट आणि बंद दार असते. आपल्याकडे देवबागचा रुग्ण दवाखान्यात भेटतो, आठवड्याच्या बाजारात भेटतो, आंगणेवाडीच्या जत्रेत भेटतो आणि रात्री खळ्यात उभा राहून हाकही मारतो. त्याला टाळण्याचे मार्गही मग गावचेच असतात : ‘वैद्य घरात नाहीत’ असे सांगणे, पुड्या बांधून चटकन वाटेला लावणे.

आमची सूचना साधी आहे. ज्या रुग्णाचे नाव यादीत दिसताच कपाळाला आठी पडते, त्याच्या प्रत्येक भेटीनंतर वरील आठ गटांना 1 ते 5 गुण एका स्वतंत्र वहीत लिहावेत. ही वही रुग्णपत्रिकेला जोडू नये. चार-पाच भेटींनी आकडे पडताळावेत. अलिप्ततेचा गुण चढत असेल, तर त्या रुग्णाला मरणाच्या विचारांविषयी स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. गरज भासल्यास रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि 2022 पासून टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे. मात्र रुग्णाला तिकडे पाठविताना आपल्याकडील पुढच्या भेटीची तारीखही त्याच चिठ्ठीवर लिहावी.