ताटातील शिल्लक : एका आठवड्याचा उपक्रम-पाठ
(इयत्ता ३ री ते ५ वी)

मधल्या सुट्टीत मुलांची पंगत बसते, भात-वरण वाढले जाते आणि पंगत उठल्यावर काही ताटांत दोन-दोन घास तसेच राहतात. दृश्य रोजचेच असल्यामुळे त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु हेच दोन घास गणित, आरोग्य व नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा उत्तम पाठ होऊ शकतात.

पार्श्वभूमी : १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. शिजविलेले अन्नच द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. प्राथमिक वर्गातील प्रत्येक बालकास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी मिळावी, त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. हे प्रमाण पोटात गेलेल्या अन्नाचे आहे. ताटात राहिलेल्या अन्नाने बालकाचे वजन वाढत नाही. वाशीम जिल्ह्याचा समावेश २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाला व त्या कार्यक्रमात आरोग्य आणि पोषण यांना अग्रस्थान देण्यात आले. म्हणून या जिल्ह्यातील शिक्षकांना हा विषय दुय्यम मानता येणार नाही.

साहित्य : तराजू, झाकणाची बादली, फळा, खडू.

पहिला व दुसरा दिवस : मुलांना काहीही न सांगता पंगतीनंतरची शिल्लक बादलीत जमा करून तोलावी व आकडा टिपून ठेवावा. कोणाच्या ताटात किती राहिले, हे लिहू नये.

तिसरा दिवस : फळ्यावर हिशेब मांडावा. समजा, शाळेत ४० मुले आहेत व प्रत्येकाच्या ताटात २५ ग्रॅम भात राहतो. दिवसाला १ किलो आणि २०० दिवसांत २०० किलो भात वाया गेला. तांदूळ शिजल्यावर वजनाने अडीच-तीन पट होतो. म्हणजे सुमारे ७० किलो तांदूळ गेला. या शाळेला रोज ४ किलो तांदूळ लागतो. तेव्हा १७ दिवसांचे जेवण उकिरड्यावर गेले! हे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे.

चौथा दिवस : कारणे शोधावीत. एकदम जास्त वाढले गेले काय? मीठ-तिखट कमी-अधिक झाले काय? खेळण्याची घाई होती काय? नंतर वाढण्याची रीत बदलावी. प्रथम थोडे वाढावे व ‘आणखी हवे का?’ असे प्रत्येकास विचारावे. जपानमध्ये १९५४ च्या शालेय भोजन कायद्यापासून भोजन हा शिक्षणाचाच भाग मानला जातो. तेथे मुले पाळीपाळीने एकमेकांना वाढतात. आपल्याकडेही मोठ्या मुलांच्या तुकड्या करून, हात धुऊन, त्यांना हे काम देता येईल. गरम भांडी मात्र त्यांच्या हाती देऊ नयेत.

पाचवा व सहावा दिवस : पुन्हा तोलावे व आकड्यांची तुलना करावी.

सावधगिरी : ‘ताट पुसून खा’ अशी सक्ती करू नये. जे मूल वारंवार अन्न टाकते त्याचा दात दुखत असेल, पोटात जंत असतील किंवा त्यास ताप येत असेल. त्याची एकांतात विचारपूस करावी. उलट, जे मूल तिसऱ्यांदा ताट पुढे करते ते कदाचित सकाळी उपाशीच शाळेत आले असेल. त्यास हसू देऊ नये. पातेल्यात वाचलेला भात प्रथम त्याचा आहे. उरलेला भात उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. त्यात तयार होणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. उष्टे अन्न व भाज्यांची देठे-साले खड्ड्यात टाकून परसबागेसाठी खत करावे. बागेत पालक, मेथी, शेवगा लावावा. हात धुतलेले पाणी वाफ्याकडे वळवावे. रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषि विज्ञान केंद्राचे मार्गदर्शन घेता येईल.

गृहकार्य : शिळ्या भाकरीचे घरी काय करतात, हे मुलांनी आजीला विचारून यावे. फोडणी दिलेला कुस्करा, ताकातल्या कण्या, अंबाडीची भाजी, मोड आलेली मटकी, भाज्या स्वस्त असताना घातलेले सांडगे ही वऱ्हाडची जुनी शिदोरी आहे. सोयाबीनने ज्वारीचे शिवार व्यापल्यापासून यातील बरेच पदार्थ मागे पडले. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरल्यावर नव्हे. पातेल्यावर झाकण ठेवावे. भाताची पेज फेकू नये, या साध्या गोष्टी मुलांमार्फत चुलीपर्यंत पोचतात. माता-पालकांच्या सभेत मुलांनी आणलेली माहिती वाचून दाखवावी व आठवड्याचे आकडे शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावेत.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले व त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. एवढी मोठी संख्या बालकास आकळत नाही. आपल्या शाळेची बादली मात्र त्यास उचलून पाहता येते. सहाव्या दिवशी ती हलकी लागली, तर पाठ सफल झाला असे समजावे.