धान्याची पिशवी आणि बँकेचे खाते
मानवी निर्णयांच्या अभ्यासाला चंदीगडने दिलेला धडा

पैसा हा पैसाच असतो, मग तो कोणत्या मार्गाने आला आणि कोठे ठेवला याला महत्त्व नाही, असे हिशेबाचे शास्त्र सांगते. घरातील व्यवहार मात्र या नियमाने चालत नाही. डाळीच्या डब्यात बाजूला ठेवलेले पाचशे रुपये आणि पाकिटातील पाचशे रुपये यांची किंमत एकच असली, तरी त्यांचा वापर एकसारखा होत नाही. मुलीच्या फीसाठी ठेवलेल्या नोटेला महिनाअखेरच्या ओढाताणीतही हात लावण्यास गृहिणी धजावत नाही. पाकिटातील नोट मात्र संध्याकाळपर्यंत कोठे गेली, हे आठवतही नाही.

मनुष्यस्वभावातील अशा गोष्टींचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या शाखेस 'वर्तनवादी अर्थशास्त्र' म्हणतात. डॅनियल काहनमन व अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलेल्या सिद्धांताने या शाखेचा पाया घातला. मिळालेल्या लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख मनाला साधारण दुप्पट जाणवते, हे या दोघांच्या संशोधनातून पुढे आले. काहनमन यांना 2002 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. डाळीच्या डब्यातील नोटेचे कोडे उलगडण्याचे श्रेय रिचर्ड थेलर यांच्याकडे जाते. माणूस मनात निरनिराळ्या खात्यांचे अदृश्य खातेपुस्तक बाळगतो आणि एका खात्यातील रक्कम दुसऱ्या खात्यात सहजासहजी वळती करीत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. या 'मानसिक हिशेबा'सह त्यांच्या एकूण कार्यासाठी 2017 चे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले.

मांडणीचे सामर्थ्य

थेलर आणि कॅस सनस्टीन यांनी 2008 मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे 'नज' हा शब्द जगभर रूढ झाला. नज म्हणजे हलकीशी ढुसणी. यात सक्ती नसते, दंड नसतो आणि मोठे आमिषही नसते. केवळ पर्यायांची मांडणी अशी केली जाते की, हिताचा पर्याय निवडणे सोपे व्हावे.

चंदीगड शहराची रचना हे अशा मांडणीचे बोलके उदाहरण होय. वास्तुरचनाकार ल कार्बुझिए यांच्या आराखड्यात साधारण 800 मीटर रुंद व 1200 मीटर लांब असे सेक्टर आखण्यात आले. रोजच्या गरजेच्या वस्तू पायी अंतरावर मिळाव्यात, हा त्यामागील विचार होता. सेक्टरमधून जाणाऱ्या बाजार-रस्त्यावर दुकाने एकाच, म्हणजे सावलीच्या बाजूला ठेवण्याची योजना होती. उन्हाळ्यात सावलीतून चाला किंवा रस्ता वारंवार ओलांडू नका, असा हुकूम कोणी काढला नाही. मांडणीनेच ते काम केले.

याच शहरात 2015 साली एका वेगळ्या मांडणीची परीक्षा झाली. तिचा संबंध बाजार-रस्त्याशी नव्हता, तर गरीब कुटुंबाच्या पिठाच्या डब्याशी होता.

गव्हाऐवजी रोकड

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य गटातील कुटुंबांना दरमहा माणशी 5 किलो धान्य अल्प दरात देण्याची तरतूद करण्यात आली. त्या वेळी गव्हाचा दर किलोला 2 रुपये, तर तांदळाचा 3 रुपये ठरविण्यात आला होता. केंद्र सरकारने 2015 मध्ये धान्याऐवजी अनुदानाची रक्कम थेट बँक खात्यात जमा करण्याचे नियम केले. किमान आधारभूत किमतीच्या सव्वापट रकमेतून धान्याचा अनुदानित दर वजा करून प्रतिकिलो अनुदान काढावे, असे सूत्र त्यात होते. सप्टेंबर 2015 पासून चंदीगड व पुदुच्चेरी येथे, तर मार्च 2016 पासून दादरा व नगर हवेलीच्या काही भागात ही योजना अमलात आली.

कागदावर योजना निर्दोष दिसत होती. रास्त भाव दुकानातील रांग, वजनातील घट आणि मधली गळती टळणार होती, शिवाय लाभार्थ्याला आपल्या पसंतीचे धान्य घेण्याची मुभा मिळणार होती. नीती आयोगाच्या विनंतीवरून 'जे-पाल' या संशोधन संस्थेने 2016 व 2017 मध्ये या तिन्ही प्रदेशांतील लाभार्थ्यांची फेरीफेरीने पाहणी केली. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस व संदीप सुखटणकर हे अर्थशास्त्रज्ञ या अभ्यासात होते. पाहणीत आढळलेले चित्र संमिश्र होते.

सरकारी नोंदीनुसार बहुतेक सर्व रकमा खात्यांत जमा झाल्या होत्या. तरीही पैसे मिळालेच नाहीत, असे सांगणाऱ्या लाभार्थ्यांचे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते. अनेकांना रक्कम नेमकी कोणत्या खात्यात व केव्हा जमा झाली, हेच ठाऊक नव्हते. बँकेत जाणे, रक्कम काढणे आणि मग बाजारातून धान्य आणणे यांत वेळ व पैसा खर्च होत होता. जमा होणारी रक्कम बाजारभावाने तेवढेच धान्य घेण्यास अनेकदा अपुरी पडत होती. मात्र पद्धत अंगवळणी पडू लागली, तसतसा एकंदरीत रोख रकमेला पसंती देणाऱ्यांचा वाटा वाढत गेला.

या निष्कर्षांचा अर्थ

पहिली गोष्ट म्हणजे, खात्यात जमा झालेला पैसा आणि मनात जमा झालेला पैसा या दोन वेगळ्या नोंदी आहेत. गव्हाची पिशवी डोळ्यांना दिसते, हाताला जड लागते आणि ती कशासाठी आहे हे कोणालाही सांगावे लागत नाही. खात्यातील रकमेवर 'हे पोळ्यांचे पैसे' अशी चिठ्ठी नसते. तिची सूचना न मिळाल्यास ती इतर शिलकेत मिसळून जाते आणि कुटुंबाच्या दृष्टीने जणू आलेलीच नसते.

दुसरी गोष्ट तोट्याच्या भीतीची आहे. ठरलेले धान्य हातचे जाणे हे निश्चित नुकसान वाटते. त्या बदल्यात मिळणारे स्वातंत्र्य हा अनिश्चित लाभ वाटतो. म्हणून सुरुवातीचा विरोध अडाणीपणाचा नसून मानवी स्वभावाला धरूनच होता. त्यातच रक्कम खरोखर अपुरी पडत असेल, तर त्या भीतीला वास्तवाचाही आधार होता.

तिसरी गोष्ट लहानसहान अडथळ्यांची. बँकेची एक जादा फेरी कागदावर नगण्य असते. रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रीसाठी तीच फेरी अर्ध्या दिवसाच्या मजुरीइतकी महाग ठरू शकते.

चिठ्ठी लावलेला पैसा

पैशावर अशी चिठ्ठी लावता येते काय? दिलीप सोमण व अमर चीमा यांचा 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील अभ्यास येथे मार्गदर्शक ठरतो. अल्प उत्पन्नाच्या मजूर कुटुंबांना बचतीची रक्कम बंद लिफाफ्यात घालून देण्यात आली. काहींची रक्कम एका लिफाफ्यात, तर काहींची दोन लिफाफ्यांत विभागलेली होती. काही लिफाफ्यांवर त्या कुटुंबातील मुलांचे छायाचित्र होते. रक्कम विभागल्याने बचत वाढली आणि मुलांचा चेहरा समोर असल्यानेही ती वाढली. लिफाफा फाडण्यास कोणाचीही मनाई नव्हती. पण प्रत्येक लिफाफा फाडताना मन क्षणभर थांबत होते. डाळीच्या डब्याचे शास्त्र ते हेच!

बँकेतील आवर्त ठेव याच तत्त्वावर उभी आहे. वेतन जमा होताच ठरावीक रक्कम आपोआप वळती व्हावी, अशी स्थायी सूचना दिली की दरमहा नव्याने निश्चय करावा लागत नाही. आळस हा मनुष्याचा शत्रू म्हणतात. येथे तोच बचतीचा रखवालदार होतो. 2015 मध्ये सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेतही खात्यातून वर्गणी आपोआप वळती करण्याची सोय ठेवली गेली, ती याच कारणाने.

दुधारी शस्त्र

हेच शास्त्र ग्राहकाच्या विरुद्धही वापरले जाऊ शकते. ऑनलाइन खरेदीत आधीच खूण केलेला विम्याचा चौकोन, 'शेवटची दहा मिनिटे' अशी खोटी घाई, सहज सुरू होणारी पण बंद करण्यास अवघड वर्गणी, ही त्याची नेहमीची रूपे होत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये अशा 13 फसव्या पद्धती निश्चित करून त्यांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. 'आजच तपशील द्या, अन्यथा खाते बंद होईल' असे दूरध्वनीवर धमकावणारा भामटाही तोट्याच्या भीतीवरच आपले दुकान चालवितो.

हिताची ढुसणी व फसवणूक यांतील सीमारेषा ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. पर्याय उघडपणे सांगितला आहे काय? नकार देणे होकाराइतकेच सोपे आहे काय? आणि निवडीचा लाभ प्रामुख्याने निवडणाऱ्यालाच होणार आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर सही करण्यापूर्वी थांबणे श्रेयस्कर.

ग्राहकांनी आपल्या बचतीला नाव द्यावे. 'आवर्त ठेव' यापेक्षा 'सुमनचे शिक्षण' हे नाव अधिक बळ देते. संदेशसेवेसाठी नोंदविलेला मोबाइल क्रमांक चालू असल्याची खात्री करावी आणि मोठा निर्णय एक रात्र मागे ठेवावा. शाखेतील कर्मचाऱ्यांनी अनुदानाची रक्कम आल्याचे सांगताना ती कशाची आहे, हेही ग्राहकाच्या भाषेत सांगावे. पासबुकातील संक्षिप्त नोंद सर्वांनाच उलगडते असे नाही.

चंदीगडच्या अनुभवातून एवढे स्पष्ट होते की, रक्कम खात्यात पोहोचली म्हणजे संगणकाच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण होतो. कुटुंबाच्या दृष्टीने मात्र त्या पैशाचा गहू दळून डब्यात पडतो, तेव्हाच तो पूर्ण होतो. या दोन क्षणांमधील अंतर कमी करणे हेही बँकेचेच काम आहे.