थरथर कशाची?

काचीगुड्याची एक अकरावीतील मुलगी. टाइप-१ मधुमेहाचे निदान सातव्या वर्षी झालेले. परीक्षेआधी तिचे हात थरथरत, घाम फुटे, छाती धडधडे. साखर उतरली असे समजून ती ग्लुकोज घेई. ग्लुकोमीटरवर आकडा मात्र १८०च्या वर निघे. अ‍ॅड्रेनॅलिनची ही लक्षणे भीतीत आणि साखर उतरण्यात सारखीच असतात, त्यामुळे जाणत्यांचीही फसगत होते.

मी तिला एवढेच शिकविले : आधी बोटाचा थेंब तपासावा. ७०च्या खाली आकडा असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज व १५ मिनिटांनी फेरतपासणी. यंत्र जवळ नसेल तर मात्र साखर उतरली असेच मानावे. तेथे धोका पत्करू नये. आकडा उतरलेला नसेल तर दीर्घ श्वास आणि बोलायला जवळचे माणूस हवे.

तिची आई मात्र रोज रात्री दोनला दचकून उठे. धास्तीपोटी रात्रीचे इन्सुलिन आपण कमी देतो, हे तिने फार उशिरा सांगितले. दोष माझाही होता. मी कधी विचारलेच नव्हते. आता एचबीए१सीचा अहवाल उघडण्यापूर्वी मी आईला तिच्या झोपेविषयी विचारतो.