‘बळ’ या शब्दाविषयी थोडेसे

‘बळ’, ‘जोर’, ‘ताकद’ हे शब्द आपण समानार्थी म्हणून पाठ करतो. पहिला संस्कृत ‘बल’पासूनचा, दुसरा फारसी, तिसरा मुळात अरबी. ‘बळजबरी’त तर देशी-परदेशी शेजारी नांदतात! व्यवहारात मात्र ते एकमेकांची जागा सोडत नाहीत. पावसाला जोर असतो, बळ नसते. जमिनीला कस असतो. धीराच्या शब्दाने येते ते बळच.

आमचे शेत इटियाडोहच्या कालव्यावर. गाढवी नदीवरचे हे धरण मातीचे. मुठीत चुरणारी माती थरावर थर दाबून, रुंद पाया देऊन बसवली की पाणी अडवते. तिच्या या गुणाला आपण ‘मजबुती’ म्हणतो.

‘दुर्बल’ म्हणजे बल नसलेला, असा विग्रह मी शाळेतच शिकलो होतो. प्रवेशाच्या वेळी अर्जातले ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ हे शब्द मी घरी मोठ्याने वाचले. धानाचे पोते एकट्याने पाठीवर घेणारे बाबा थांबले.

“दुर्बल कोन?”

विग्रह सांगण्याचा मला धीर झाला नाही. “पैसा कमी असलेला,” मी म्हणालो.

“मंग तसंच लिवाले का झालं?” म्हणत त्यांनी एकेक अक्षर जोडत सही केली.