चौरस दुप्पट कसा करावा?

प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो : २ फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस किती बाजूचा? मुलगा म्हणतो, ४ फूट. खरे सांगायचे तर, वाचताना मीही मनात तेच म्हटले! पण बाजू दुप्पट केली की लांबी व रुंदी दोन्ही वाढतात. क्षेत्रफळ चौपट, १६ चौरस फूट होते. हवे ८. मग तो ३ म्हणतो. तेही ९ होतात.

शेवटी सॉक्रेटिस कर्ण काढतो. कर्णाने चौरसाचे दोन अर्धे होतात. कर्णावरच्या चौरसात असे चार अर्धे मावतात. आपल्या बौधायन शुल्बसूत्रातही हेच सांगितले आहे.

मुलाला हे पूर्वजन्मीचे आठवले, असे सॉक्रेटिसचे म्हणणे. मला मात्र त्याचे प्रश्नच फार सूचक वाटतात.